निळ्या डोळ्यांचा शेरा

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीत ‘रॅस्कल्स’ या अमेरिकन बँडविषयी मी एक छोटेसे टिपण वाचले आणि त्यांची चार गाणी सभासदांना ऐकविली. गाणी संपताच पुढच्या रांगेतील एक वयोवृद्ध सभासद उठले. ते वयाने आणि व्यासंगाने माझ्याहून पुष्कळ मोठे. परमुलुखात मराठी ग्रंथालय टिकविण्यासाठी त्यांनी उपसलेल्या कष्टांना तोड नाही. ते म्हणाले, “अहो, हे गाणे काळ्या लोकांचे. गोऱ्या पोरांनी ते उचलले आणि त्यावर पैसा केला. इंग्रजीत याला एखादे गोंडस नाव असेल. मराठीत याला चोरी म्हणतात. तुम्ही चोरांची आरती कशाला ओवाळता?” टाळ्या पडल्या. मला तेथे उत्तर सुचले नाही. घरी परतताना बसमध्ये सुचले, आणि बहुतेक कारकुनांची हीच रीत असल्यामुळे ते आता कागदावर उतरवीत आहे. त्यांच्याविषयीचा आदर कायम ठेवून, परंतु भीड न बाळगता.

प्रथम आक्षेप त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. दुबळा करून खोडणे हा प्रामाणिकपणा नव्हे. ‘सोल’ म्हणजे आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भजनाची आर्तता आणि त्यांच्याच ‘रिदम अँड ब्लूज’ची ऐहिक लय यांच्या संगमातून १९५० नंतरच्या दशकात हे संगीत आकारास आले. रे चार्ल्ससारख्यांनी ते घडविले. ते घडत असताना त्या देशाच्या दक्षिण भागात काळ्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसण्याचीही मुभा नव्हती. काळ्या गायकाचे गाणे गोऱ्याने गायिले की त्याची विक्री अनेकदा अनेक पटींनी वाढे, हेही खरे. रॅस्कल्सचेच उदाहरण घ्या. ‘गुड लव्हिन्’ हे गाणे ‘ऑलिंपिक्स’ या कृष्णवर्णीय गायकवृंदाने १९६५ साली ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्याला विक्रीच्या यादीत जेमतेम तळाशी जागा मिळाली. १९६६ साली रॅस्कल्सनी तेच गाणे म्हटले आणि ते सबंध देशात पहिल्या क्रमांकावर गेले. हा अन्याय होता. तो मी नाकारीत नाही, आणि त्याचा लाभ या चार तरुणांना झाला हेही नाकारीत नाही.

परंतु बाजाराचा अन्याय आणि कलावंताचा अपराध या दोन गोष्टी एक नव्हेत. माझा व्यवसाय फायलींवर टिप्पणी लिहिण्याचा आहे. अर्ज नामंजूर करावयाचा तर त्या अर्जातील गोष्टी पाहून कारण लिहावे लागते. अर्जदाराच्या आडनावावरून शेरा मारता येत नाही. कोणी तसा मारला तर त्याला आपण अन्याय म्हणतो. मग हे चौघे गोरे, म्हणून चोर, हा शेरा कोणत्या नियमात बसतो? उसनवारी आणि चोरी यांतील भेद घेणाऱ्याच्या कातडीच्या रंगावर ठरत नाही. त्याने घेतलेले आत्मसात केले काय, कोणाकडून घेतले ते मानले काय, आणि फेडीची वेळ आली तेव्हा त्याने पाठ फिरविली काय, या तीन प्रश्नांवर तो ठरतो. या तीन कलमांखाली ही फाईल पुन्हा उघडू या.

पहिले कलम आत्मसात करण्याचे. फेलिक्स कॅव्हेलिअर ऑर्गन वाजवी आणि गाई. एडी ब्रिगाटी गाई. जीन कॉर्निश गिटार वाजवी आणि डिनो डॅनेली ड्रम. १९६५ साली न्यूयॉर्कच्या परिसरात हे चौघे एकत्र आले. यांपैकी पहिले तिघे ‘जोई डी अँड द स्टारलायटर्स’ या नाचगाण्याच्या बँडमध्ये उमेदवारी करून आलेले. डॅनेली जॅझच्या तालमीत वाढलेला. कॅव्हेलिअरने लहानपणी शास्त्रशुद्ध पियानो शिकून पुढे वैद्यकाच्या पूर्वतयारीचे शिक्षण घेतले आणि तेही संगीतापायी सोडले. रात्रीमागून रात्री क्लबांतून काळ्या गायकांची गाणी म्हणत त्यांनी गळा आणि हात घडविले. १९६६ सालच्या त्यांच्या पहिल्या लाँग प्ले तबकडीवर बहुतेक गाणी इतरांची आहेत. विल्सन पिकेटचे ‘इन द मिडनाइट अवर’ त्यांत आहे. ही शिष्याची वही होय. वहीत गुरूचा कित्ता गिरविलेला असतो, आणि तो गिरविल्याबद्दल शिष्यावर कोणी फिर्याद करीत नाही.

कित्त्यापुढे ते गेले काय, हा प्रश्न आहे. याचे उत्तर १९६७ सालच्या ‘ग्रूव्हिन्’ या गाण्याने दिले. शुक्रवार-शनिवारच्या रात्री क्लबात वाजविणाऱ्याला प्रियेच्या भेटीसाठी रविवारची दुपारच काय ती उरते. एवढ्याशा अनुभवावर कॅव्हेलिअर आणि ब्रिगाटी यांनी हे गाणे रचले. यात ड्रमची नेहमीची दणदण नाही. क्यूबाकडील वळणाचा कोंगाचा ठेका आहे, संथ फिरणारा खालचा सूर आहे, मागे पक्ष्यांची किलबिल आहे आणि मध्येच कॉर्निशचा माउथ ऑर्गन एक लांब निःश्वास टाकतो. ज्या काळात प्रत्येक बँड दुसऱ्याहून मोठ्याने वाजविण्याच्या खटपटीत होता, त्या काळात या उनाड म्हणविणाऱ्या पोरांनी आवाज खाली आणला. आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारी दुपारी जी निवांत सैलसर अवस्था लाभते, ती त्या चालीत उतरली आहे. आमच्यासारख्या सहा दिवस मान मोडून बसणाऱ्यांना तिचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. ही नक्कल असेल तर मूळ कोठे आहे ते आक्षेपकांनी दाखवावे.

आणि निवाडा कोणी करावा? ज्यांचे गाणे चोरले असे म्हणतात, त्यांनीच ना? ‘ग्रूव्हिन्’ सर्वसाधारण यादीत पहिले आलेच. परंतु कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीचे माप मानल्या जाणाऱ्या ‘रिदम अँड ब्लूज’च्या स्वतंत्र यादीतही ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. पुढच्याच वर्षी, १९६८ साली, साक्षात अरीथा फ्रँकलिनने आपल्या ‘लेडी सोल’ या तबकडीवर ते गाणे स्वतः गायिले. घरधनीणच ज्याच्या घरून भांडे उसने नेते, त्याला चोर म्हणण्याचा अधिकार दूरच्या शेजाऱ्याला कोणी दिला?

दुसरे कलम ऋण मानण्याचे. ज्या ‘अटलांटिक’ कंपनीने या चौघांच्या तबकड्या काढल्या, तिची कीर्ती मुख्यतः रे चार्ल्स आणि विल्सन पिकेट यांच्यासारख्या कृष्णवर्णीय कलावंतांवर उभी होती. त्या घरात त्यांनी प्रवेश घेतला तो मालक म्हणून नव्हे, उमेदवार म्हणून. पिकेटचे आणि अरीथाचे ध्वनिमुद्रण करणारे टॉम डाउड आणि आरिफ मार्दिन हेच यांनाही सावरावयास होते. ‘गोरे’ हा शब्द आपण जितक्या सुटसुटीतपणे वापरतो तितके हे प्रकरण सुटसुटीत नाही. कॅव्हेलिअर, ब्रिगाटी, डॅनेली ही इटालियन वंशाची मुले, मार्दिन इस्तंबूलचा, कंपनीचा एक संस्थापक अहमत एर्टेगुन तुर्की वकिलाचा मुलगा. आपले गाणे आकाशातून पडले, असा दावा रॅस्कल्सनी कधी केला नाही.

येथे त्या गोंडस इंग्रजी नावाचा समाचार घेणे प्राप्त आहे. सोल गाणाऱ्या गोऱ्यांच्या संगीताला १९६० नंतरच्या दशकात ‘ब्लू-आइड सोल’ असे नाव पडले. म्हणजे निळ्या डोळ्यांचा सोल. प्रारंभी ते कौतुकाने वापरले गेले असेल. आज तो फाईल बंद करण्याचा शेरा झाला आहे. तो ऐकताच कित्येकांना वाटते की यात रॅस्कल्ससारख्यांची टिंगल झाली आणि काळ्यांचा मान राहिला. वस्तुतः अपमान दोघांचाही होतो. गाणे डोळ्यांच्या रंगातून येते असे एकदा मानले, की अरीथा फ्रँकलिनही कातडीच्या पुण्याईनेच गाते असे मानावे लागते. मग डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या चर्चमध्ये लहानपणापासून तिने केलेली साधना, पियानोपुढे घालविलेली वर्षे आणि प्रत्येक सूर पारखून घेण्याची तिची बुद्धी यांचे काय? ते सारे रक्ताच्या नावे जमा होऊन तिच्या कष्टांच्या नावे शून्य उरते. काळ्यांचे गाणे ‘उपजत’ आहे, असे म्हणणारे त्यांचे मित्र नव्हेत. ते त्यांच्या विद्येला विद्या मानावयास तयार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरे कलम फेडीचे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. गोड गाणे गाऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. १९६८ सालच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची. त्याच उन्हाळ्यात रॅस्कल्सनी ‘पीपल गॉट टु बी फ्री’ हे गाणे काढले. सर्व माणसे मुक्त असली पाहिजेत, एवढी सरळ मागणी त्यात आहे. ते पाच आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर राहिले. येथवर कोणी म्हणेल की शोकाच्या लाटेवर विक्री साधली. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आमच्या कार्यक्रमात निम्मे कलावंत कृष्णवर्णीय असतील तरच आम्ही गाऊ, अशी अट त्यांनी आयोजकांना घातली. या अटीपायी दक्षिणेतील कार्यक्रमांना त्यांना मुकावे लागले. त्या वर्षी त्यांच्या निवडक गाण्यांची तबकडीही यादीत अग्रस्थानी पोहोचली होती. कीर्तीच्या शिखरावर असताना उत्पन्नाचा वाटा सोडणारा चोर मी तरी ऐकलेला नाही. चोराला माल लपवावयाचा असतो. यांनी मूळ धन्याला आपल्याच रंगमंचावर, आपल्याच दिव्यांखाली उभे करण्याचा हट्ट धरला. या घटनेनंतर त्यांचे एकही गाणे पहिल्या वीस क्रमांकांत गेले नाही. हा त्या अटीचाच परिणाम असे मी म्हणणार नाही. कारणे आणखीही होती, आणि ती लपविणे वकिली ठरेल.

तेव्हा दोषही सांगतो. कॅव्हेलिअर पुढे स्वामी सच्चिदानंदांच्या प्रभावाखाली आला. १९६८ सालच्या ‘वन्स अपॉन अ ड्रीम’ या तबकडीवर ‘सत्त्व’ नावाचे एक गाणे आहे. त्यात सतारीचा झणत्कार आहे. माझ्या टिपणानंतर दोघा-तिघा सभासदांनी तेवढ्याच गाण्याची चौकशी मोठ्या अभिमानाने केली. मला विचाराल तर ते त्यांचे दुबळे गाणे होय. सोल संगीत त्यांनी रात्रीमागून रात्री गाऊन अंगात मुरविले होते. आपल्या संगीताशी त्यांची ओळख दिवाणखान्यापुरती होती, आणि म्हणून येथे सतार अंगरख्यावर लावलेल्या बिल्ल्यासारखी दिसते. गंमत अशी की जेथे उसनवारी खरोखर वरवरची आहे तेथे आपण टाळ्या देतो, आणि जेथे ती हाडीमांसी खिळली आहे तेथे चोरीचा आरोप ठेवतो. १९६९ सालच्या ‘फ्रीडम स्वीट’ या दुहेरी तबकडीतील लांबलचक वाद्यवादनही मला कंटाळवाणे वाटते. १९७० साली ब्रिगाटी सोडून गेला, पुढच्या वर्षी कॉर्निश. १९७१ सालच्या ‘पीसफुल वर्ल्ड’साठी अ‍ॅलिस कोल्ट्रेनसारख्या थोर जॅझ कलावंत साथीला आल्या, तरी गाण्याची पूर्वीची ती घट्ट वीण परत आली नाही. १९७२ साली सारे आटोपले. सात वर्षांची ही कारकीर्द. तिच्यात उत्तम असे दहा-बारा गाण्यांचे धन आहे. त्याहून अधिक मी म्हणत नाही. डॅनेली २०२२ सालच्या डिसेंबरमध्ये वारला, तेव्हा त्याच्या ड्रमच्या गतीचे कौतुक पुष्कळांनी केले. त्या अटीची आठवण मात्र मला फारशी कोठे वाचावयास मिळाली नाही.

शेवटी, आपल्या घरातील एक हिशेब. आमच्या मंडळात ‘मानापमाना’तील पदे झाली की हेच वयोवृद्ध सभासद डोळे मिटून डोलतात, आणि मीही डोलतो. १९११ सालच्या त्या नाटकाला गोविंदराव टेंब्यांनी ज्या चाली दिल्या, त्यांत पूरबेकडील ठुमरी-कजरीचे ऋण उघड आहे. ती ठुमरी पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या—कोठीवर गाणाऱ्या बायकांच्या—कंठात वाढली होती. टेंब्यांना मी चोर म्हणत नाही. त्यांनी घेतलेले सोने केले. पण ज्यांच्याकडून ते आले, त्या गायिकांना आपल्या सभ्य नाट्यगृहात मानाने पुढे बसवा, नाहीतर आमचा पडदा उघडणार नाही, अशी अट घातल्याचे मी कोठे वाचलेले नाही. पहिल्या दोन कलमांत आपण उत्तीर्ण होऊ. तिसऱ्या कलमाखाली आपला कागद कोरा आहे, आणि तो कोरा ठेवून आपण न्यू जर्सीकडील पोरांच्या फायलीवर ‘चोर’ असा शेरा मारतो.

आमच्या आदरणीय सभासदांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या बैठकीत त्यांनी ‘ग्रूव्हिन्’ पुन्हा ऐकावे. प्रथम रॅस्कल्सचे आणि लगोलग अरीथाचे. यंत्र मी घेऊन येईन. ऐकून झाल्यावर त्यांना गाणे आवडले नाही तर माझी मुळीच तक्रार नाही. आवड ज्याची त्याची. परंतु चोरीचा शेरा त्यांनी कारणासहित लिहून द्यावा, नाहीतर खोडावा.