डोळे देतो, मग पुढे का अडतो?



परवा स्थानकात नेत्रदानाचे फॉर्म भरून घेतले. मी म्हटलं, अवयवदानाचेही ठेवू या. लगेच एक काकू म्हणाल्या, "नको गं, पुढच्या जन्मी अपुरं शरीर मिळतं." अहो, पुढचं शरीर नामकर्माप्रमाणे मिळतं, हे पाठशाळेतलं पोरही सांगेल. मग डोळे दिले तर चालतात आणि किडनी दिली की अपुरं, हा कुठला हिशोब?

पण माझा खरा राग वेगळा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याचा नगर-मनमाड रस्त्यावर अपघात झाला. डॉक्टर "ब्रेन डेड" एवढंच बोलून गेले. जाऊबाईंनी तिथल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला विचारलं, "म्हणजे काय गं बाळा?" ती म्हणाली, "कोमासारखंच असतं मावशी. ठोके पडतायत ना, देवाचं नाव घ्या." दोन दिवस आम्ही नवकार म्हणत, डोळे उघडायची वाट बघत बसलो. अवयवदानाचं कुणी विचारलंही नाही. २०११ च्या कायदादुरुस्तीपासून अशा वेळी घरच्यांना विचारायचं असतं, हे मला नंतर कळलं.

त्या पोरीवर माझा राग नाही. तिला कोमा आणि मेंदूमृत्यू यातला फरक न शिकवता वॉर्डात उभं करणाऱ्यांवर आहे. कोमातला माणूस जिवंत असतो. मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यूच. चार डॉक्टरांचं मंडळ निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो जाहीर करतं. ठोके पडतात ते व्हेंटिलेटरच्या श्वासावर, तेही थोडाच काळ. डॉक्टर येऊन जातात. उशाशी असते ती नर्स. आपण विचारतो तिलाच.

"ठोके चालू असताना काढणं हिंसा नाही का?" ही शंका मात्र मी हसण्यावारी नेत नाही. ती स्वयंपाकघरात कुजबुजण्यापेक्षा महाराजसाहेबांना उघड विचारा.

आणि हेही माहीत असू द्या. घरी मृत्यू झाला तर डोळे, त्वचा देता येते. डोळे सहा तासांच्या आत. मेंदूमृत्यूनंतर हृदय, यकृत, किडनी द्यायची तर रुग्णालयातच. फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांची संमती लागतेच.

यंदा पर्युषणात एक दुपार पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून कुणाला तरी बोलवू या आणि गावातल्या नर्सिंगच्या मुलींना पुढच्या रांगेत बसवू या. चहापाणी, येण्याजाण्याचा खर्च माझा.

माझ्या मुलाला मी सही करायचं सांगून ठेवलंय. "आई, जेवताना हे काय" म्हणतो. उद्या पुन्हा जेवतानाच काढणार आहे.