मैदानाआधी पांढरी तपासा

फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावाला क्रीडा संकुल हवे, बगीचा हवा, याविषयी दुमत नाही. शहरातील मुलांना जे मिळते, त्यावर खेड्यातील मुलांचाही तितकाच हक्क आहे. प्रश्न जागेचा आहे. अशा कामांसाठी बहुधा गायरान किंवा गावठाणालगतची पडीक जमीन निवडली जाते, कारण तिचा मोबदला द्यावा लागत नाही. जुन्या वस्तीची पांढरीही अनेकदा तेथेच असते. काळीत शेती, पांढरीत वस्ती ही गावगाड्याची पुरातन विभागणी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडक्या भिंतींची माती साचून उंचावलेली पांढरी सपाटीकरणाचे यंत्र एका दिवसात पुसून टाकते.

ही भीती काल्पनिक नव्हे. फुलंब्रीपासून फार दूर नसलेल्या भोकरदनला 1973 साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी डॉ. शां. भा. देव व डॉ. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. सांचीच्या दानलेखांत येणारे भोगवर्धन ते हेच. तेथे निघालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी विलक्षण साम्य आहे. ते टेकाड आधीच सपाट झाले असते, तर सातवाहनकाळातील कारागिरांचा हा पुरावा कोणाच्याही हाती लागला नसता.

कायदा येथे अपुरा पडतो. 1958 चा केंद्रीय कायदा यादीत आलेल्या स्थळांना संरक्षण देतो. जे अजून जमिनीत आहे, त्याला वाली नाही. 1878 चा निखात निधी कायदा तर दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूचीच दखल घेतो. खापराला आणि चुलीच्या राखेला बाजारभाव कोठला? ज्यांचे ताम्रपट कधी निघाले नाहीत, त्या कुणब्या-कुंभारांचा इतिहास मात्र त्याच खापरांत आहे.

ब्रिटनमध्ये 1990 पासून बांधकामाच्या परवानगीपूर्वी अशी तपासणी मागता येते आणि खर्च सामान्यतः बांधणारा सोसतो. आपल्याकडेही निविदा काढण्यापूर्वी जाणकारांनी जागा पायी हिंडून पाहावी, गरज पडल्यास चाचणीखड्डे घ्यावेत, खर्च अंदाजपत्रकातच धरावा. विद्यापीठ जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. मात्र मुदत ठरलेली हवी. अन्यथा ज्यांना गायरान स्वतःच्या घशात घालायचे आहे, तेच उद्या पुरातत्त्वाच्या नावाने मैदान अडवतील. काही निघालेच तर बहुतेक वेळा इमारत पन्नास पावले सरकवूनही काम भागेल. खणण्याचे काम रोजगार हमीच्या मजुरांना, पूर्ण मजुरीने, द्यावे. यंत्राच्या दात्यापेक्षा त्यांचे हात माती अधिक जपून उचलतात.