विश्लेषण : ४० वर्षांपूर्वीच्या संगणकाची मेमरी वाढवावी की जपावी?

ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आलेला ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक आज संग्राहकांच्या कपाटात आहे. त्यातील अनेकांना जुने यंत्र चालू करायचे असते, काहींना १६ किलोबाइटची मेमरी ४८ वर न्यायची असते. काम आठ चिपचे आहे, पण चुकीचा एक पाय यंत्र कायमचे बंद पाडू शकतो. शिवाय, हे करावे का, हा प्रश्न तंत्रज्ञानापुरता उरत नाही.

१६ आणि ४८ किलोबाइटचा फरक किती?

सिंक्लेअर रिसर्च कंपनीने स्पेक्ट्रम दोन प्रकारांत विकला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. आज आठ गिगाबाइट मेमरीचा फोन सामान्य समजला जातो. ती मेमरी ४८ किलोबाइटच्या सुमारे पावणेदोन लाख पट आहे. पण त्या काळी ५० पौंडांचा हा फरक यंत्राचे आयुष्य ठरवत असे. १६ किलोबाइटपैकी ६,९१२ बाइट पडद्यावरील चित्रासाठीच राखीव होते. यंत्राच्या स्वतःच्या नोंदी वगळता बेसिक भाषेत प्रोग्राम लिहिण्यासाठी उरत जेमतेम नऊ किलोबाइट. ‘जेटपॅक’सारखा खेळ तेवढ्यात बसला, ‘मॅनिक मायनर’ किंवा ‘द हॉबिट’साठी मात्र ४८ किलोबाइटच लागत. त्यामुळे स्वस्त यंत्र घेऊन पुढे मेमरी वाढवणे हा अनेक घरांचा मार्ग होता.

ही मर्यादा ४८ वरच का थांबली?

स्पेक्ट्रमचा झेड८०ए प्रोसेसर १६ पत्ता-तारांवर चालतो, म्हणजे तो एका वेळी ६५,५३६ जागाच ओळखू शकतो. यातील पहिले १६ किलोबाइट रॉमचे, म्हणजे यंत्रात कायम कोरलेल्या बेसिक भाषेचे. उरतात ४८. त्यातील खालच्या १६ किलोबाइटमध्ये चित्र ठेवले जाते आणि ते चित्र काढणारी ‘यूएलए’ ही चिपही तिथूनच वाचते. दोघांना एकच दार असल्याने प्रोसेसरला मधूनमधून थांबावे लागते. वरच्या ३२ किलोबाइटमध्ये ही अडचण नाही, तिथे प्रोग्राम पूर्ण वेगाने पळतो. म्हणजे वाढवलेली मेमरी नुसती जास्त नव्हती, ती वेगवानही होती.

यात अर्ध्या बिघडलेल्या चिप होत्या, हे खरे का?

होय. खालच्या १६ किलोबाइटसाठी ‘४११६’ जातीच्या आठ चिप लागत, प्रत्येक चिप बाइटमधील एक बिट सांभाळते. वरच्या ३२ किलोबाइटसाठी कंपनीने वेगळीच वाट काढली. ६४ हजार बिटांच्या ज्या चिपच्या निर्मितीत अर्ध्या भागात दोष राहिला, त्या कारखान्याने फेकून न देता ३२ हजार बिटांच्या म्हणून स्वस्तात विकल्या. ‘४५३२’ हे त्यांचेच नाव. चांगला भाग कोणता, हे बोर्डवरच्या एका छोट्या तारेच्या जोडणीने ठरवले जाई. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात. या जुगाडामुळेच कंपनीला ४८ किलोबाइटचे यंत्र स्वस्तात देता आले.

आज मेमरी वाढवताना नेमके काय करावे लागते?

‘इश्यू टू’ आणि त्यानंतरच्या १६ किलोबाइटच्या बोर्डवर वरच्या मेमरीच्या जागा रिकाम्याच असतात. तिथे आठ मेमरी चिप आणि सोबत चार साध्या लॉजिक चिप बसवायच्या. ४५३२ आता सहज मिळत नाहीत, पण त्यांच्या जागी पूर्ण चांगल्या ‘४१६४’ चालतात. अर्धी जागा वापरली जात नाही इतकेच. मात्र त्याच ४१६४ खालच्या मेमरीत ४११६ च्या जागी तशाच बसवल्या तर जळतात. कारण ४११६ ला तीन वीजदाब लागतात : पाच, बारा आणि उणे पाच व्होल्ट. तिच्या ज्या पायावर बारा व्होल्ट येतात, तिथे ४१६४ ला पाचच हवे असतात. दोन्ही चिपना पाय सोळाच आणि आकारही सारखा, त्यामुळे फसगत होते.

सर्वात जास्त धोका कुठे आहे?

वीजपुरवठ्यात. बाहेरून येणाऱ्या नऊ व्होल्टपासून बोर्डवरचे छोटे सर्किट बारा आणि उणे पाच व्होल्ट तयार करते. उणे पाचचा दाब गेला आणि बारा चालू राहिला तर ४११६ चिप निकामी होतात. उलट एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली तर त्या सर्किटमधला ट्रान्झिस्टर जातो. म्हणून जाणकार आधी जुने कपॅसिटर बदलतात, तिन्ही दाब मोजतात आणि मगच मेमरीला हात लावतात. दुसरा धोका सोल्डरिंगचा. जुन्या बोर्डवरची तांब्याची पट्टी जास्त उष्णतेने उचलली जाते. चिप मेलेलीच असेल तर तिचे पाय कापून एकेक पाय काढणे आणि तिथे सॉकेट बसवणे हाच सुरक्षित मार्ग. चिप पुन्हा बदलता येते, पट्टी येत नाही.

मग मूळ यंत्राचे काय?

इथे संग्राहकांत दोन तट आहेत. एकांच्या मते संगणक चालण्यासाठी असतो. बंद यंत्र म्हणजे प्लास्टिकचा डबा. दुसऱ्यांच्या मते चार दशके जसेच्या तसे राहिलेले १६ किलोबाइटचे यंत्र हा पुरावा आहे, आणि पुरावा ‘सुधारायचा’ नसतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण दुसऱ्या बाजूचे पारडे आज जड आहे. १९८३ मध्ये मेमरी वाढवणे ही गरज होती. आज मोठे खेळ खेळायचे तर एम्युलेटर आहे, ४८ किलोबाइटची यंत्रेही मिळतात. एका घराने पैसे वाचवून नेमके काय विकत घेतले होते, हे मात्र न बदललेले १६ किलोबाइटचे यंत्रच सांगते. अशी यंत्रे नव्याने तयार होणार नाहीत.

म्हणून नियम साधा असावा. बिघडलेले दुरुस्त करावे, चालणारे वाढवू नये. वाढवायचेच असेल तर मागच्या जोडणीत बसणारा ३२ किलोबाइटचा बाहेरचा डबा वापरावा, तो काढला की यंत्र पूर्ववत. आत काम केलेच तर काढलेल्या चिप पिशवीत घालून यंत्रासोबत ठेवाव्यात आणि काय बदलले याचा कागदही.

भारताचा आणि आजच्या ग्राहकाचा संबंध काय?

स्पेक्ट्रम भारतातही आला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवानाधारक आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. त्यातील काही यंत्रे अजून माळ्यावर असतील. भंगारात देण्याआधी ती उघडून पाहायला हरकत नाही.

पण खरा धडा वेगळा आहे. १९८२ च्या यंत्रात वाढीव मेमरीसाठी जागा ठेवलेली होती आणि दुरुस्तीची तपशीलवार पुस्तिका निघाली होती, म्हणून ४० वर्षांनंतरही ते जिवंत होते. आज अनेक लॅपटॉपची मेमरी बोर्डवरच पक्की केलेली असते. ती बिघडली की अख्खा बोर्ड बदला किंवा नवा लॅपटॉप घ्या. पातळपणा आणि वेग ही त्याची कारणे खरी आहेत, पण त्याची किंमत ग्राहक मोजतो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, पुढे पोर्टलही सुरू केले. ते पुरेसे नाही. मेमरी बदलता येते की नाही, हे खोक्यावर ठळकपणे छापण्याची सक्ती झाली तर निवड तरी डोळसपणे करता येईल. तोवर लॅपटॉप घेताना दुकानदाराला हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.