वॉर्डनच्या कपाटात हवी असलेली पुस्तके

निवासी शाळेत कागदांना तोटा नसतो. हजेरीपट, शिधानोंद, तपासणी अहवाल. मुलगी किती दिवस राहिली हे त्यांतून कळते. कशी राहिली, हे तिनेच सांगावे लागते. मराठीत ते सांगितले गेले आहे, आपणच ते वाचत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ आपल्याकडे आदराने वाचले जाते. त्याच्या शेजारी आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ आणि त्यांच्या बहिणीची, पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ ठेवा. पार्वतीबाई विधवा, पदरी मुलगा. मोठेपणी शिकल्या आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. संस्था आतून कशी असते, हे या बहिणींकडून समजते.

मालतीबाई बेडेकर तर आपल्याच पेशातल्या. हिंगण्यात शिकल्या, पुढे सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटवर अधिकारी झाल्या. तारेच्या कुंपणाआडचे ते जगणे त्यांनी ‘बळी’ या कादंबरीत मांडले. नोकरीतली माणसेही खरे लिहू शकतात, याचा हा पुरावा. पण असे लिहिणे बहुधा उशिरा येते. इंग्लंडात शार्लट ब्राँटेच्या दोन बहिणी शाळेच्या वसतिगृहात आजारी पडून १८२५ मध्ये वारल्या. शार्लटच्या ‘जेन एअर’ या कादंबरीतून ती शाळा जगापुढे यायला १८४७ उजाडले. तोवर तिथल्या मुलींचे ऐकणारे कोण होते?

बीदरला लागून असलेल्या मैलूरपासून औराद-भालकीपर्यंतच्या आपल्या वाचकांना हे मुद्दाम सांगायचे आहे. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना २००४ ची; तेव्हाच्या मुलींनी आता तिशी ओलांडली. घरी मराठी, वर्गात कन्नड, आणि दिवे मालवल्यावर पुन्हा कुजबुजत मराठी, असे दिवस या भागातल्या किती मुलींनी काढले! ट्रंकेचे कुलूप, आईच्या फोनची वाट, पहिली पाळी आली ती रात्र. हे त्यांच्याखेरीज कोण लिहिणार?

नव्या प्रवेशांआधी वसतिगृहाच्या कपाटात ही पुस्तके आणा. आधी स्वतः वाचा, मग मोठ्या मुलींना द्या. प्रत्येक मुलीला एक कोरी वही द्या, कन्नडात लिहो की मराठीत, आणि ती तपासायला मागू नका. तुमच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी कोणी लिहायला तयार असेल, तर तिला आमचा पत्ता द्या. तिच्यासाठी या मासिकाची पाने मोकळी ठेवली आहेत.