गोल मारला, पण पान कुठाय?

नोकरीचा इंटरव्ह्यू असो की लग्नाचं स्थळ, समोरची पार्टी आधी तुमचं नाव सर्च करते. प्रोफाइल काय, कुणीही बनवतं हो. पण विकिपीडियावर स्वतःच्या नावाचं पान? बात काही औरच! जणू सरकारी शिक्काच.

आमचा एक मावसभाऊ आहे. मूळ चिखलीचा, बुलढाणा जिल्ह्यातला. नोकरी पुण्यात आणि वीकएंडला जिल्हा लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये फुटबॉल. लेफ्ट विंगवर झकास पळतो, मी स्वतः पाहिलंय. परवा म्हणाला, ‘दादा, तू लिहितो-बिहितो, तं माह्या नावाचं एक पान टाकून दे ना विकिपीडियावर.’

‘कशाला?’

‘काहून नाही? इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनच्या पोराचं पान असते. मंग माहं काहून नसावं?’

प्रश्न बिनतोड. आणि त्याचं म्हणणं खोटंही नाही. इंग्रजी विकिपीडियाचा फंडा बरीच वर्षं सोपा होता. पूर्णपणे व्यावसायिक लीगमध्ये एकदा जरी मैदानात उतरलात, की तुम्ही सर्वसाधारणपणे पानाला पात्र. अशा लीगची चक्क यादी होती! नव्वदाव्या मिनिटाला बदली म्हणून आलात, चेंडूला पायही लागला नाही, तरी चालायचं. यादीबाहेरच्या लीगमध्ये दहा वर्षं घाम गाळला असेल, तर मात्र सॉरी बॉस.

२०२२ मध्ये तिथल्या संपादकांनी भलीमोठी चर्चा करून ‘खेळला म्हणजे पात्र’ हा हिशोब बंद केला. आता मुख्य प्रश्न एवढाच : तुमच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह छापील किंवा ऑनलाइन माध्यमांनी तुमच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का? क्लबची वेबसाइट चालत नाही. मॅचच्या बातमीत अकरा जणांच्या यादीत नाव आलं, तेही पुरत नाही. मराठी विकिपीडियावर याला भारदस्त शब्द आहे, ‘उल्लेखनीयता’.

म्हणजे गंमत बघा. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहार शाहू स्टेडियमवर भिडले, की गॅलरी भरते आणि दुसऱ्या दिवशी पेपरही भरतो. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. त्याच्यावर लिहायला मजकूर मिळतोच. पण तालमीच्या टीममधल्या एखाद्या खेळाडूवरही पेपरात अर्धं पान आलेलं असू शकतं. आमच्या बुलढाण्यात? २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तर जगभर बातमी झाली. शेगावची पालखी, खामगावची चांदी, सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव, सगळ्यावर छापून येतं. फुटबॉलवर कोण लिहिणार?

खेळाडूंचा दुष्काळ आहे असंही नाही हं. तिरंदाज प्रथमेश जवकार आमच्या बुलढाण्याचाच. मे २०२३ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये त्याने जगातल्या अव्वल नंबरच्या माइक श्लोएसरला १४९-१४८ असं हरवून सोनं घेतलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत सांघिक सुवर्ण. अशा पोराच्या पानावर कोण वाद घालेल? वाद होतो तो मधल्यांचा. चांगलं खेळणाऱ्या, पण कुणीच न लिहिलेल्या मुलांचा.

आता तुम्ही म्हणाल, केतकरांचा ज्ञानकोश तेवीस खंडांचा होता, तिथे कागद मोजून वापरावा लागायचा. इंटरनेटला कसली आलीये जागेची टंचाई? टाका की एक पान! माझंही आधी हेच मत होतं. पण २००५ मधला जॉन सायगेनथॅलर या अमेरिकन पत्रकाराचा किस्सा वाचला आणि ते बदललं. कुणीतरी खोडसाळपणे त्याच्या पानावर लिहून ठेवलं, की केनेडी बंधूंच्या हत्येत या माणसाचा हात असल्याचा संशय होता. साफ खोटं! आणि ते चार महिने तसंच होतं. नामांकित माणसाची ही गत. मग आमच्या लेफ्ट विंगरच्या चार ओळींच्या पानावर उद्या कुणी मॅच-फिक्सिंगचं लिहिलं, तर खरं-खोटं पडताळणार कशावरून? आणि ते वाचणार कोण? तोच, इंटरव्ह्यू घेणारा एचआर!

म्हणून मी नाही म्हटलं. शिवाय घरच्या माणसानं घरच्या माणसाचं पान लिहू नये, असा तिथला संकेतही आहे. भाऊ चार दिवस फुगून बसला. चालायचंच.

पण नियमही काही देवाचा शब्द नाही. डोना स्ट्रिकलंड या कॅनेडियन शास्त्रज्ञ बाईंचं पान मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारलं गेलं. ऑक्टोबरमध्ये त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं! बाई मे महिन्यातही तेवढ्याच मोठ्या होत्या. फक्त त्यांच्यावर कुणी फारसं लिहिलं नव्हतं. पान नाकारलं म्हणजे माणूस छोटा ठरला असं नाही, एवढं यातून घ्यायचं.

मग करायचं काय? विकिपीडियाला संदर्भ मराठी असला तरी चालतो, जुन्या छापील पेपरातला असला तरी चालतो. तेव्हा सुट्टीत गावी जाल, तर ग्राउंडवर एक चक्कर मारा. कोण खेळतंय, कोण खेळायचं, कोण शिकवतं, विचारा. तालुक्याच्या वार्ताहराला फोन लावून सांगा, की राव, नुसता स्कोअर नको, त्या पोरावर नीट चारशे शब्द लिहा. जुन्या खेळाडूंच्या घरी पिवळी पडलेली कात्रणं असतील, त्यांवर पेपरचं नाव आणि तारीख टाकून ठेवा.

एवढं झालं, की पान लिहायला भाऊबंद लागत नाहीत. कुणीतरी अनोळखी माणूस कधीतरी बसून लिहून टाकतो.