शेकोटीजवळचा पेत्र

विश्वासघात म्हटला की यहूदा इस्कर्योत आठवतो. चांदीची ३० नाणी घेऊन त्याने आपल्या गुरूला शत्रूंच्या स्वाधीन केले. ही रक्कम तरी केवढी? एखाद्याच्या बैलाने दुसऱ्याच्या दासाला मारले तर मालकाला ३० शेकेल चांदी भरून द्यावी, असा नियम बायबलच्या 'निर्गम' ग्रंथात आहे. म्हणजे एका गुलामाची किंमत! पैशाचा मोह सर्वांनाच कळतो, म्हणून यहूदाला दोष देणे सोपे जाते.

पण त्याच रात्री आणखी एक शिष्य घसरला आणि त्याला तर कुणी दमडीही देऊ केली नव्हती.

पेत्र हा गालीलचा कोळी. स्वभावाने उतावळा, पण मनाचा सच्चा. 'तुम्ही सगळे मला सोडून जाल,' असे येशूने सांगितले तेव्हा, बाकीचे गेले तरी मी जाणार नाही, असे तो ठासून म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. काही तासांतच गेथशेमाने बागेत हत्यारबंद जमाव आला, तेव्हा तलवार उपसून प्रमुख याजकाच्या मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान त्यानेच कापला. अशा माणसाला भित्रा कसे म्हणावे?

मग येशूला बांधून नेले. पेत्र मागोमाग गेला, पण अंतर राखून. याजकाच्या वाड्यात चौकातल्या कोळशाच्या विस्तवाभोवती नोकर आणि शिपाई शेकत उभे होते. थंडी होती, पेत्रही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. दार राखणाऱ्या मुलीने सहज विचारले, तूही त्याचाच शिष्य ना? तो म्हणाला, नाही.

तलवारीला न घाबरलेला माणूस एका मोलकरणीच्या प्रश्नाने ढासळला. रणांगणासाठी मनाची तयारी केलेली असते, शेकोटीजवळच्या गप्पांसाठी कोण करतो? चारचौघांत गैरहजर मित्राची टिंगल चालू असते आणि आपणही हसून म्हणतो, 'छे, माझी कुठे एवढी ओळख!' त्यात ना पैसा मिळतो, ना जिवाला धोका असतो. घोळक्यातली ऊब तेवढी सुटत नाही.

पहिले 'नाही' टिकवायला दुसरे लागले. तिसऱ्यांदा विचारणारा तर मल्खाचाच नातलग होता. गालीलच्या बोलीवरूनही तो ओळखू येत होता. अखेर शपथा वाहून त्याने गुरूची ओळख नाकारली. तोच कोंबडा आरवला. लूक लिहितो की, त्या क्षणी येशूने वळून त्याच्याकडे पाहिले. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

हा पुढे मंडळीचा पुढारी झाला. त्याची ही नामुष्की झाकता आली असती. तरीही चारही शुभवर्तमानांत ती नोंदलेली आहे.

पश्चात्ताप यहूदालाही झाला, हे पुष्कळदा विसरले जाते. निरपराध माणसाला धरून दिले म्हणत तो नाणी परत करायला गेला. पण गेला कुणाकडे? ज्यांनी त्याला विकत घेतले होते त्यांच्याकडेच! आम्हाला त्याचे काय, एवढेच ते म्हणाले. नाणी मंदिरात फेकून त्याने गळफास घेतला. पेत्रही काही कमी चुकला नव्हता. मात्र तो इतर शिष्यांमध्ये परत गेला. तेही पळालेलेच होते, कोण कुणाला बोलणार?

पुढे गालीलच्या किनाऱ्यावर पहाटे पुनरुत्थित येशू या शिष्यांना भेटला. तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला होता आणि त्यावर मासळी भाजत होती. मूळ ग्रीकमधला कोळशाच्या विस्तवाचा हा शब्द संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: याजकाच्या चौकात आणि इथे. न्याहारी झाल्यावर येशूने त्या रात्रीबद्दल अवाक्षरही काढले नाही. तुझे माझ्यावर प्रेम आहे का, एवढेच त्याने तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी पेत्र फार दुःखी झाला. प्रत्येक उत्तरानंतर येशूने आपल्या मेंढरांची राखण त्याच्यावर सोपवली.