खाल्लेलं अंगी लागेना

माझं माहेर बेळगावचं, सासर बुऱ्हाणपूरचं. बाबा गेल्यावर अव्वा माझ्याकडे राहायला आली. तापीकाठच्या या गावात तिचं कुणाशी फारसं बोलणं होईना. हिंदी येत नाही, मराठी मोडकीतोडकी. अंगणात उभी राहून ती ‘बा इल्ली’ अशी हाक मारी, तेव्हा शेजारच्या मुलांना वाटे, आजी ‘बिल्ली’ म्हणतात! त्या हाकेला धावून येई तीही मांजरच, आमची नऊ वर्षांची सोनी.

गेल्या उन्हाळ्यात सोनी वाळायला लागली. खाणं मात्र दुप्पट. ताटली चाटूनपुसून पुन्हा पायात घोटाळायची. पाठीचा कणा हाताला लागू लागला. शी फिकट, पातळ आणि भरपूर, शेपटीजवळचे केस तेलकट. मी जंताचं औषध दिलं, दूध वाढवलं. दुधाने त्रास वाढलाच, कारण बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. ‘म्हातारी झाली, आता सोडून द्या,’ असं लोक म्हणाले. अव्वा काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून सोनीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शी तपासली, रक्तातली साखर पाहिली. मधुमेह, थायरॉइड, आतड्यांची सूज यांतही मांजर खाऊन वाळतं, म्हणून आधी ते पाहावं लागतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी स्वादुपिंडाचं नाव घेतलं. आपल्या कन्नडमध्ये याला मेदोजीरक ग्रंथी म्हणतात. अन्न पचवणारे पाचक रस ही ग्रंथी करते. मांजरांत बहुधा तिला वारंवार सूज येऊन ती निकामी होते. मग अन्न पोटातून जातं, पण अंगी लागत नाही. उपाशीपोटी रक्त काढून टीएलआय नावाची तपासणी केली की याचं निदान पक्कं होतं. आमच्या इथे ती सोय नव्हती. म्हणून डॉक्टरांनी औषध देऊन गुण येतो का, ते पाहायचं ठरवलं.

औषध म्हणजे पाचक रसांची भुकटी. प्रत्येक जेवणात ती ओल्या अन्नात नीट कालवायची. कोरडी तोंडात टाकली तर तोंड सोलतं. शिवाय बी-१२ ची इंजेक्शनं. मांजरांत हे जीवनसत्त्व शोषायला लागणारा पदार्थ स्वादुपिंडच बनवतं, म्हणून त्याचीही कमतरता पडते. औषध बहुधा जन्मभराचं. पथ्य एकच, मांजराला उपाशी ठेवायचं नाही. चार-दोन दिवस पोटात काही गेलं नाही, तर यकृतावर चरबी चढते.

काही दिवसांतच शी बांधून येऊ लागली. दोन महिन्यांत सोनीच्या अंगावर मांस धरलं. खर्च आहे, रोजची कटकटही आहे. पण भुकटी कालवायचं काम अव्वाने स्वतःकडे घेतलंय, चमचा मोजून, वेळ पाहून.

मैत्रिणींनो, घरचं मांजर खाऊनही वाळत असेल तर वयावर ढकलू नका. मनाने माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आधी डॉक्टर गाठा.

आत्ताही अंगणातून हाक येतेय, ‘बा इल्ली!’ शेजारची पोरं आता हसत नाहीत, तीही तसंच बोलावतात.